लिनक्सवर खाती उघडताना: आधी क्रमांक, मग होम डिरेक्टरी

वागळे इस्टेटमधील एखाद्या लहान कारखान्याच्या कार्यालयात किंवा महाप्याच्या एमआयडीसीतील गाळ्यात उबुंटू या लिनक्स प्रणालीचा एकच सर्व्हर असतो आणि हिशोब, रेखाटने, पत्रव्यवहार असे सारे त्यावरच चालते. सर्वांनी एकाच खात्याने लॉगिन करावे, ही तिथली सर्वांत सोयीची आणि सर्वांत महागात पडणारी पद्धत होय. प्रत्येकाला स्वतंत्र खाते देणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मात्र ते खाते पुढे त्रास देऊ नये यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. लिनक्स माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते. डिस्कवरील प्रत्येक फाइलवर मालकाचा युआयडी, म्हणजे क्रमांक, नोंदलेला असतो आणि नाव केवळ आपल्याला वाचता यावे म्हणून खात्यांची यादी असलेल्या पासडब्ल्यूडी फाइलमधून शोधून दाखवले जाते.

खालील कमांड वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात. मोठे अक्षर लागते तिथे तसा स्पष्ट उल्लेख केला आहे.

रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, क्रमांक ० असतो, १००० च्या खालचे क्रमांक यंत्रणेच्या सेवांसाठी राखलेले असतात आणि माणसांची खाती सहसा १००० पासून सुरू होऊन ६०००० पर्यंत जातात. क्रमांक आपण सांगितला नाही, तर खाते उघडणारी कमांड युजरअ‍ॅड त्या टप्प्यात वापरात असलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देते. एकच यंत्र असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण ठाण्यात एक आणि महाप्यात एक अशी दोन यंत्रे असतील आणि बॅकअपची, लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल-प्रणालीतली डिस्क पिशवीत घालून ठाणे-वाशी लोकलने इकडून तिकडे नेली जात असेल, तर इथे १००३ असलेल्या मानसीच्या फाइली तिथे १००३ असलेल्या दुसऱ्याच कोणाच्या नावावर दिसू लागतात आणि त्याला त्या उघडताही येतात. म्हणून वहीत किंवा साध्या तक्त्यात प्रत्येक माणसासाठी एक क्रमांक ठरवून ठेवावा आणि दोन्ही यंत्रांवर तोच द्यावा.

क्रमांक ठरला की खाते असे उघडावे:

सुडो युजरअ‍ॅड -यू ११०१ -एम -एस /बिन/बॅश मानसी

यातील सुडो पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालवते आणि -एम हा पर्याय होम डिरेक्टरी, म्हणजे त्या माणसाच्या फाइलींची स्वतंत्र जागा, तयार करतो. उबुंटू आणि त्याच कुळातील डेबियनवर तो विसरला, तर खाते उघडते पण /होम/मानसी तयार होत नाही. फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळात मात्र डिरेक्टरी आपोआप तयार होते, कारण तिथे लॉगिन डॉट डेफ्स फाइलमध्ये तशी सूचना आधीच असते. -एस हा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ठरवणारा पर्यायही उबुंटूवर वगळू नये, कारण तिथे युजरअ‍ॅड साधा एसएच शेल देते आणि त्यात वरच्या बाणाने मागची कमांड येत नाही, टॅबने नाव पूर्ण होत नाही. मग नवा माणूस कीबोर्ड बिघडल्याची तक्रार घेऊन येतो. डेबियन कुळात अ‍ॅडयुजर नावाची प्रश्न विचारत पुढे जाणारी दुसरी कमांडही आहे आणि हाताने एकदोनच खाती उघडायची असतील तर ती अधिक सोयीची पडते. रेड हॅटच्या कुळात हेच नाव युजरअ‍ॅडकडे बोट दाखवते, त्यामुळे तिथे प्रश्नांची वाट पाहू नये.

पासवर्डसाठी स्वतंत्रपणे सुडो पासडब्ल्यूडी मानसी ही कमांड द्यावी. युजरअ‍ॅडला -पी हा पर्याय आहे, पण त्याला आधीच कूटबद्ध केलेला पासवर्ड लागतो. तिथे साधा पासवर्ड लिहिला तर लॉगिन होत नाही आणि तो कमांडच्या इतिहासात उघडा राहतो तो वेगळाच. आपण ठेवलेला तात्पुरता पासवर्ड पहिल्याच लॉगिनला बदलायला लावण्यासाठी सीएच आणि एज जोडून होणारी कमांड वापरावी: सुडो सीएचएज -डी ० मानसी. खाते नीट उघडले की नाही हे गेटएंट पासडब्ल्यूडी मानसी या कमांडने पाहावे. अपूर्णविरामांनी विभागलेले सात रकाने दिसतात. त्यांतील तिसरा युआयडी, सहावा होम डिरेक्टरी आणि सातवा शेल हे तीनच इथे महत्त्वाचे.

होम डिरेक्टरी रिकामी जन्मत नाही. /ईटीसी/स्केल (स्पेलिंग एस-के-ई-एल) या डिरेक्टरीतील सर्व काही तिच्यात उतरवले जाते, आणि उबुंटूवर त्यात बॅशआरसी, प्रोफाइल, बॅश-लॉगआउट अशा टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली असतात. कार्यालयाची समान मांडणी हवी असेल, म्हणजे प्रत्येकाकडे ‘देयके’ आणि ‘कच्चे’ असे दोन फोल्डर किंवा प्रिंटरची ठरावीक सेटिंग, तर ती खाती उघडण्यापूर्वीच स्केलमध्ये ठेवावी. ही नक्कल एकदाच होते. नंतर स्केलमध्ये केलेला बदल जुन्या खात्यांपर्यंत पोहोचत नाही. तसेच /होम/मानसी आधीपासून अस्तित्वात असेल, तर युजरअ‍ॅड केवळ इशारा देऊन नक्कल टाळते.

-एम विसरल्यामुळे होम डिरेक्टरी राहून गेली असेल, तर खाते पुसून पुन्हा उघडण्याचे कारण नाही. डेबियन कुळात सुडो एमकेहोमडिर_हेल्पर मानसी एवढे पुरते. हाताने करायचे असेल, तर एमकेडिरने डिरेक्टरी तयार करून सुडो सीपी -ए /ईटीसी/स्केल/. /होम/मानसी ही कमांड द्यावी. स्केलनंतरची तिरपी रेघ आणि टिंब यांत सारे मर्म आहे: तिथे तारांकन घातले तर लपलेल्या फाइली मागेच राहतात, आणि नेमक्या त्याच हव्या असतात. त्यानंतर सीएचओन -आर मानसी:मानसी /होम/मानसी या कमांडने, अर्थात सुडोसह आणि मोठ्या आरने, मालकी द्यावी. नाहीतर सर्व फाइली रूटच्या राहतात आणि मानसीला स्वतःच्या घरात काही लिहिता येत नाही.

परवानग्यांकडे थोडे लक्ष द्यावे. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नवी होम डिरेक्टरी ७५० परवानगीने तयार होते, म्हणजे गटाबाहेरच्यांना आत डोकावता येत नाही. त्यापूर्वी ती ७५५ असे आणि सर्वांना वाचता येई. यंत्र जुन्या आवृत्तीवरून श्रेणीसुधार करत आलेले असेल, तर जुनी घरे तशीच उघडी असतात, म्हणून एलएस -एल /होम पाहून गरजेनुसार सीएचमॉड ७५० द्यावे. दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करण्याच्या एसएसएच प्रणालीची किल्ली वापरायची असेल, तर टिंब-एसएसएच डिरेक्टरी ७०० आणि आतील ऑथोराइज्ड-कीज फाइल ६०० ठेवावी. परवानगी सैल असली तर सर्व्हर किल्ली नाकारतो.

सामायिक कामासाठी एकमेकांची घरे उघडू नयेत. सुडो ग्रुपअ‍ॅड हिशोब या कमांडने गट काढावा, /एसआरव्ही/हिशोब ही डिरेक्टरी त्या गटाच्या नावे करून तिला २७७० परवानगी द्यावी, म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची होते. माणसाला गटात घेण्याची कमांड सुडो युजरमॉड -एजी हिशोब मानसी अशी आहे. यातील ए लहान आणि जी मोठा. हा लहान ए गळला, तर मानसी हिशोब गटात येते खरी, पण तिचे इतर सर्व जोडगट, म्हणजे मुख्य गटाव्यतिरिक्तचे गट, पुसले जातात. व्यवस्थापकाने स्वतःच्या खात्यावर ही चूक केली तर सुडोचा अधिकारच जातो आणि यंत्र रिकव्हरी मोडमध्ये सुरू करावे लागते. गटाचा बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, म्हणून आयडी मानसी या कमांडने नोंद पाहावी आणि संबंधिताला एकदा बाहेर पडून परत यायला सांगावे.

खात्याचा क्रमांक नंतर बदलावा लागला, तर सुडो युजरमॉड -यू ११०१ मानसी ही कमांड होम डिरेक्टरीतील फाइलींची मालकी स्वतःहून बदलते, मात्र बाहेरच्या फाइली जुन्या क्रमांकावरच राहतात. त्या शोधण्यासाठी सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -युआयडी १००३ द्यावे. -एक्सडेव्हमुळे शोध एकाच फाइल-प्रणालीत राहतो, तेव्हा /एसआरव्ही वेगळ्या डिस्कवर असेल तर तिथे तो निराळा चालवावा. नवी डिस्क बसवून घर तिकडे हलवायचे असेल, तर युजरमॉडला -डी आणि नवा मार्ग यांच्यासोबत -एम द्यावा. नुसत्या -डीने फक्त नोंद बदलते, फाइली जुन्या जागीच राहतात. ही दोन्ही कामे माणूस लॉगिन नसतानाच करावीत.

उमेदवारीवर किंवा प्रकल्पासाठी काही महिने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खात्याला युजरअ‍ॅडच्या वेळीच -ई २०२७-०५-३१ अशी मुदत घालावी. कायम कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा केवळ पासवर्ड बंद करणाऱ्या युजरमॉड -एल वर, ज्यात एल मोठा असतो, विसंबू नये; एसएसएच किल्लीने प्रवेश चालूच राहू शकतो. त्याच्या जोडीला सुडो युजरमॉड -ई १ मानसी द्यावे, म्हणजे खात्याची मुदत २ जानेवारी १९७० रोजीच संपल्याची नोंद होते आणि किल्लीही चालत नाही. आधीच उघडी असलेली सत्रे मात्र सुरू राहतात, ती लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर मानसी या कमांडने बंद करावी आणि क्रॉनटॅब -यू मानसी -एल पाहून वेळापत्रकात लावलेली कामे दुसऱ्याच्या खात्याकडे न्यावी.

युजरडेल -आर घर आणि टपालपेटी पुसते, बाकी ठिकाणच्या फाइली नाही. त्या फाइली अनाथ क्रमांकावर पडून राहतात आणि शेवटचेच खाते पुसले असेल, तर पुढच्या नव्या माणसाला तोच क्रमांक मिळून त्या त्याच्या होतात. म्हणून घराचे टार, म्हणजे सर्व फाइलींची एकच संग्रह-फाइल, करून ते सुरक्षित ठेवावे, घर रिकामे करावे, पण खात्याची ओळ मुदत संपलेल्या अवस्थेत तशीच राहू द्यावी, असे माझे मत आहे. पासडब्ल्यूडीतील एक ओळ जागा खात नाही आणि क्रमांक अडून राहतो. तरीही कोणी खाते पुसलेच असेल, तर सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -नोयुजर ही कमांड मालक नसलेल्या फाइलींची यादी देते, आणि ती यादी रिकामी होईपर्यंत नवे खाते उघडू नये.