मांडूळ दिसलं तर काय करायचं

सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. गाव कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे वाचताना कळेल. रान मुरमाड, बांध रुंद, गोठ्यामागे कडब्याची गंजी. लग्न होऊन आले त्या वर्षी याच गंजीतून पेंढी ओढायला हात घातला आणि बोटांना गार, गुळगुळीत, मनगटाएवढं जाड काहीतरी लागलं. मी ओरडले. मामंजी आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मांडूळ हाय. घरचंच समज. पेंढी पलीकडनं काढ."

त्यानंतर बावीस वर्षं त्या जनावराच्या शेजारात राहून जे शिकले ते लिहिते आहे. आता आमच्याकडच्या पोरांना मांडूळ म्हटलं की उंदीर आठवत नाहीत, कोटी रुपये आठवतात. ज्या सापाला मामंजींच्या पिढीने घरचा म्हटलं, तो या कोटींच्या अफवेपायी रानारानातून उचलला जातोय. धोक्यात आलेल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीतसुद्धा तो आता संकटाच्या उंबरठ्यावरचा साप म्हणून नोंदला आहे.

आधी नीट ओळखा, पण लांबूनच

मांडूळ बिनविषारी. लांबी साधारण दोन-तीन फूट, फार तर चार. अंगावर ना नक्षी ना पट्टे, सगळं एकरंगी: कुणी विटकरी, कुणी चहाच्या रंगाचं, कुणी जवळजवळ काळं. खवले बारीक आणि सपाट, तेल लावून पुसल्यासारखे चमकतात. मान वेगळी कळून येत नाही. तोंड पुढून चपटं असतं, त्याला फावड्याच्या पात्यासारखी कड असते, तिनेच ते भुसभुशीत माती सारत आत शिरतं. डोळे मोहरीएवढे. पिल्लं मात्र केशरी असतात आणि त्यांच्या शेपटीकडे काळी कडी दिसतात.

शेपटी हीच या सापाची सगळी गोष्ट. आखूड, जाड, टोकाला बोथट, अगदी तोंडासारखी. म्हणून दुतोंड्या. सहा महिने या तोंडाने चालतो आणि सहा महिने त्या तोंडाने, असं आमच्या आजीसुद्धा सांगायच्या. खरं तर धोका वाटला की मांडूळ डोकं वेटोळ्याखाली लपवतं आणि शेपटी वर करून हलवतं. घारीने किंवा मुंगसाने चोच-दात मारलेच तर ते शेपटीवर बसतात, डोकं वाचतं. आमच्या मांडुळाच्या शेपटीवर दोन जुने वण होते, त्यातला एक खवले उपटून गेल्यासारखा फिकट. शेपटीला डोळा नाही, जीभ नाही, नाकपुडी नाही; चार हातांवरून निवांत बघितलं तरी कळतं. गारुडी लोक या शेपटीला डागण्या देऊन, चीर पाडून तिचं खोटं तोंड करायचे. असा साप कुणी खेळवताना दिसला तर पैसे टाकू नका.

आता महत्त्वाचं. "बिनविषारी आहे" असं मी लिहिलं म्हणून हात लावू नका. मांडुळाचा एक चुलतभाऊ आहे, डुरक्या घोणस. तोही बिनविषारी, तोही मातीत राहणारा, पण अंगावर वेडेवाकडे गडद डाग आणि शेपटीकडे खरखरीत खवले. हे डाग बघून लोक त्याला घोणस समजून ठेचतात. याच्या उलट घडतं ते जास्त वाईट: खऱ्या घोणशीच्या पिल्लाला डुरक्या समजून उचलतात, आणि घोणशीचं पिल्लूसुद्धा पुरतं विषारी असतं. घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे लंबगोल ठिपके ओळीने असतात, डोकं त्रिकोणी असतं, शेपूट निमुळती होत जाते आणि घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. रात्री काळं, चकचकीत काही दिसलं तर ते मांडूळच असेल असं धरून चालू नका, मण्यारही काळी आणि चकचकीतच असते. माळावर फुरसं हा विषारी सापही असतो. खात्री नसेल तेव्हा तो विषारी आहे असं धरून मागे सरका. मारायचं मात्र कुठल्याच सापाला नाही. कुणाला चावलाच, तर आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

त्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी

मांडूळ उंदरांवर जगतं. उंदराच्या बिळात सरळ आत जातं आणि आतल्या आत विळखा घालून त्याला मारतं. मांजर बिळाच्या तोंडाशी बसून राहतं, हे घरात शिरतं. पाऊस चांगला झाला त्या वर्षी आमच्याकडे ठिबकच्या लॅटरल, म्हणजे पाण्याच्या बारीक नळ्या, उंदरांनी कुरतडलेल्या सापडायच्या. गंजीच्या बाजूच्या ओळींत हा त्रास कायम कमी असायचा. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, मोजमाप कधी केलं नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे एक मांडूळ गेलं की काय जातं ते कळेल. हा साप अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. एका खेपेला सहसा सहा-आठ, क्वचित त्याहून जास्त. मादी नरापेक्षा मोठी आणि वजनदार. तस्करांना वजनदारच हवं असतं. म्हणजे रानातून नेमकी विणारी मादी उचलली जाते.

माझी चूक

साधारण पाच वर्षांपूर्वी थंडीत सकाळी ते गंजीच्या बुडाशी ऊन खात पडलं होतं. अंगावर दव, ऊन पडलेली बाजू तांबूस चमकत होती. मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "आमच्या रानातला राखणदार." फोटोत मागे गोठा, शेततळ्याचं कुंपण, सगळं दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी जीपमधून तिघे आले. बोलणं फार गोड. "वहिनी, फक्त बघायचंय." एकाच्या हातात स्प्रिंगकाटा होता. अमुक किलोच्या वर भरलं तर एवढे लाख, त्याच्या वर एवढे कोटी, असा हिशेब त्यांनी अंगणात उभं राहून मांडला. गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, परदेशात औषधाला जातं, हेही ऐकवलं. मी त्यांना हाकलून दिलं. पण गाडीचा नंबर लिहून घेतला नाही, वनरक्षकांना फोन केला नाही, स्टेटससुद्धा रात्री काढलं. आठवड्यानंतर लग्नाहून परत आलो तर गंजी विस्कटलेली, पेंढ्या चारी बाजूंना फेकलेल्या, बुडाची माती टिकावाने खणलेली. ते मांडूळ मला पुन्हा दिसलं नाही.

म्हणून पहिला नियम हाच: मांडूळ दिसलं तर गावभर करू नका. फोटो काढलात तर मोबाइलमध्येच राहू द्या. गटावर टाकू नका, गावाचं नाव लिहू नका, पोरांना शाळेत सांगू देऊ नका. निसर्गप्रेमापोटी टाकलेल्या फोटोचाही चोराला तेवढाच उपयोग होतो.

पैशाच्या गोष्टीबद्दल सरळ लिहिते. मांडुळात कसलंही औषध नाही, धन नाही. गिऱ्हाईक म्हणून जो येतो तो बहुतेक वेळा पुढच्याला फसवणारा दलाल असतो, किंवा वेशांतर केलेला पोलीस. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे हा साप पकडणं, बाळगणं, विकणं आणि विकत घेणं, सगळेच गुन्हे आहेत. सापळा लागतो तेव्हा पिशवी ज्याच्या हातात असते तो आधी सापडतो, आणि पिशवी बहुतेकदा गावातल्याच एखाद्या गरजू पोराच्या हातात दिलेली असते. घरात तरुण मुलगा असेल तर त्याला हे जेवताना, शांतपणे, नावानिशी समजावून सांगा.

रानात काय बदललं तर तो टिकतो

बांध पूर्ण नांगरू नका. रोटाव्हेटर बांधाला घासून न्यायची सवय झाली आहे. आम्ही दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट पट्टा तसाच सोडतो. बांधावरचं गवत पेटवत नाही, कापून आच्छादनाला वापरतो. मातीत वितभर खोल पडलेल्या जनावराला आगीतून पळता येत नाही, आणि मांडूळ तर मुळातच संथ. जुनी गंजी किंवा उकिरडा हलवायचा असेल तर जेसीबीचं बकेट एकदम घालू नका. वरचा थर हाताने, काठीने सारा, एक बाजू मोकळी ठेवा आणि त्याला निघून जायला वेळ द्या.

उंदरांसाठी विषाचं आमिष आम्ही बंद केलं. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर सापाला, घुबडाला सहज मिळतो आणि विष त्याच्याही पोटात जातं. गोदामात पिंजरे लावतो, रानात बिळं सापाच्या भरवशावर सोडतो. ज्यांना अगदीच जमत नाही त्यांनी निदान मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

शेततळ्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. प्लास्टिकचं अस्तर म्हणजे सापासाठी काचेची घसरगुंडी. आत पडलेला साप पोहून पोहून थकतो आणि बुडतो. आम्ही चारही कोपऱ्यांत काठावर खुंटी ठोकून काथ्याची जुनी चटई आणि शिवलेली गोणपाटं पाण्यापर्यंत सोडली आहेत. खर्च काही नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्यावरून बेडूक वर आले, एक धामण आली, एकदा मुंगसाचं पिल्लू.

जाळीचा अनुभव सविस्तर सांगते. ससे आणि डुकरं येऊ नयेत म्हणून बागेच्या कडेने नायलॉनची जुनी जाळी लावली होती, खालची कड मातीला टेकलेली. एका सकाळी तीत मांडूळ अडकलेलं दिसलं. खवल्यांची टोकं मागे वळलेली असतात, त्यामुळे जाळीच्या डोळ्यातून पुढे घुसता येतं, मागे येता येत नाही. जेवढं धडपडेल तेवढा दोरा रुततो. मी ओढाताण केली नाही. वर ओलं गोणपाट टाकून सावली केली, कुत्रं बांधलं आणि सर्पमित्र भाऊंना फोन केला. ते यायला पाऊण तास लागला. त्यांनी आधी जाळी चारी बाजूंनी लांबून कापली, म्हणजे ताण गेला. मग डोकं मऊ फडक्याखाली धरून मला म्हणाले, "ताई, नखं कापायची छोटी कात्री आणा." एकेक दोरा ते बोटाच्या टोकाने उचलत आणि मी कापत होते. अकरा ठिकाणी दोरा खवल्यांच्या खाली गेला होता. ते सबंध वेळ त्यांच्या मनगटाला विळखा घालून राहिलं, एकदाही चावायला आलं नाही. दोन जखमा होत्या म्हणून भाऊंनी ते वनखात्याच्या लोकांकडे नेलं, नोंद केली आणि उपचारानंतर आमच्याच शिवारात सोडलं. साप पकडणाऱ्याला हेही आवर्जून सांगा: साप दहा कोस लांब नेऊन सोडू नका. त्याला नव्या जागेतली बिळं, पाणी, आडोसा यातलं काही माहीत नसतं.

आता जाळीची खालची कड आम्ही जमिनीपासून वीतभर वर बांधतो आणि फळं उतरली की जाळी गुंडाळून ठेवतो.

घरात आलं तर

पावसाच्या सुरुवातीला बिळांत पाणी शिरतं, तेव्हा ते ओसरीत, न्हाणीत, चपलांच्या खोक्यात येतं. पोरांना आणि कुत्र्याला बाजूला करा, आतल्या खोल्यांच्या दाराखाली गोणपाट कोंबा, बाहेरचं दार उघडं ठेवा. दिवा चालू राहू द्या आणि एकाने लांबून नजर ठेवावी. नजर सुटली की मग साप कुठे गेला म्हणून अख्खं घर रात्रभर जागतं. आपणहून गेलं नाही तर फोन करा. झाडूने ढकलू नका, वर रॉकेल-फिनेल टाकू नका.

सर्पमित्राचा नंबर आजच मिळवून ठेवा, आणि तो वनखात्याकडे नोंद असलेला आहे का हे विचारा. सापाला गळ्यात घालून फोटो काढणारा असेल तर दुसरा शोधा. नंबर नसेल तर वनखात्याचा 1926 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोनवर गाव, तालुका, जवळची खूण, साप किती लांब, अंगावर ठिपके आहेत की नाहीत आणि आत्ता तो नेमका कुठे आहे, एवढं सांगा. मांडूळ शोधत कुणी अनोळखी आलं तरीही याच क्रमांकावर कळवा. त्यांच्याशी वाद घालू नका, "आमच्याकडे काही नाही" एवढंच म्हणा, आणि गाडी वळेपर्यंत नंबर लिहून घ्या. आमच्या दाराच्या मागे खडू आणि पाटी त्यासाठीच टांगलेली आहे.