बॅटरीचं ड्रिल घेताय? या चुका टाळा

मी पुण्यात फिटिंगची कामं करतो: पडद्याचे रॉड, शेल्फ, टीव्हीचे स्टँड, बिजागऱ्या. ऑनलाइन सेल संपला की फोन सुरू होतात. "दादा, ड्रिल घेतलं, पण भोकच पडत नाही." मशीन बहुतेक वेळा धडधाकट असतं. घेणाऱ्यानं खोक्यावरचे आकडे वाचलेले असतात, घरातली भिंत बघितलेली नसते.

भिंत न बघता मशीन घेणं

कॉम्बी ड्रिल तीन कामं करतं: स्क्रू पिळणं, लाकूड-पत्र्यात भोक पाडणं आणि हॅमरवर टाकून भिंतीत भोक पाडणं. फसगत होते ती तिसऱ्या कामात. याच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टकटक करतात. ठोके भरभर पडतात, पण हलके, आणि मागून जोर तुम्हालाच लावावा लागतो. विटेला एवढं पुरतं. काँक्रीटला लागतो रोटरी हॅमर, एसडीएस बिटचा (खाचा असलेल्या दांड्याचं बिट). आम्ही त्या मशीनलाच नुसतं एसडीएस म्हणतो. त्यात पिस्टन हवा दाबून बिटवर खरा ठोका मारतो, हातानं नुसतं धरून ठेवायचं.

आता गंमत बघा. घरात पहिलं काम निघतं पडद्याच्या रॉडचं, आणि खिडकीच्या वर नेमकी लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी, असते. म्हणजे विटेच्या घरातसुद्धा पहिलंच भोक काँक्रीटमध्ये. नव्या टॉवरमध्ये तर विषयच संपला. मायवन शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतायची पद्धत) इमारतीत बहुतेक भिंती ओतीव काँक्रीटच्या असतात.

वाकडला अशाच एका टॉवरमध्ये गेलो होतो. नवीन जोडपं, नवीन फ्लॅट. खिडकीच्या वर चार खुणा आणि प्रत्येक जागी नखाएवढा खड्डा. पठ्ठ्या स्टुलावर चढून मशीनच्या मागे खांदा लावून रेटत होता, बायको खाली स्टूल धरून. खोलीत जळकट वास. बिट काढून बघितलं तर टोक निळं पडलेलं आणि कार्बाइडची पात निसटून गेलेली. "कंपनीनं फसवलं, हे परत करून जास्त व्होल्टचं घेतो," असं त्याचं म्हणणं. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भिंत वाजवून दाखवली, सगळीकडे एकच भरीव आवाज. मग आमचं दोन किलोचं एसडीएस काढलं आणि त्याचा पुढचा प्रश्न येईपर्यंत पहिलं भोक झालं होतं. भोकात प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्यावर ब्रॅकेटचे स्क्रू मात्र मी त्याच्याच ड्रिलनं पिळले, आणि ते काम त्या मशीननं झकास केलं. परत करायची काहीच गरज नव्हती.

माझी सवय सांगतो. कपाटामागे, सोफ्यामागे, कुठेतरी दिसणार नाही अशा जागी एक भोक पाडायचं आणि भुकटी बघायची. सुरुवातीला राखाडीच येणार, ते प्लास्टर. ते ओलांडून २० मिलिमीटर आत गेल्यावर लाल भुकटी आली तर वीट. पांढुरकी आणि लोण्यात गेल्यासारखं बिट आत गेलं, तर एएसी ब्लॉक, हलका आणि सच्छिद्र, ज्याला आपल्याकडे सगळे सिपोरेक्स म्हणतात. राखाडी, करकरीत आणि बिट पुढे सरकेना, तर काँक्रीट. तिथे थांबायचं. एसडीएस भाड्यानं मिळतं. वर्षातून चार भोकांसाठी विकत घ्यायची गरज नाही, आणि कॉम्बीला मारून टाकायची तर त्याहून नाही. ब्लॉकमध्ये उलट हॅमर बंदच ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी गरगर फिरत बसते.

खोक्यावरचे आकडे

२० व्होल्टचं मशीन १८ पेक्षा भारी, असं दुकानातला पोरगाही ठोकून देतो. दोन्हींत लिथियमचे पाचच सेल असतात. एका सेलचे ३.६ धरले तर १८ होतात, पूर्ण चार्जचे ४.२ धरले तर २१. १२ व्होल्टमध्ये तीन सेल, म्हणजे खरे १०.८. आणि ते ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ लिहिलेलं स्वस्त मशीन? बॅटरी उघडून बघा, बहुतेकदा तेच पाच सेल निघतील. टॉर्कचाही, म्हणजे पिळायच्या जोराचाही, मोठा छापलेला आकडा 'हार्ड'चा, म्हणजे धातूसारख्या कडक जोडाचा, असतो. लाकडात स्क्रू पिळताना कामाला येतो तो 'सॉफ्ट'चा, आणि तो बारीक अक्षरात असतो.

माझं मत विचाराल तर फर्निचर, बिजागऱ्या, फ्रेम एवढंच असेल तर १२ व्होल्टचं घ्या. बॅटरीसकट किलोभराचं असतं, किचनच्या कपाटात डोकं घालून एका हातानं चालवता येतं. विटेच्या भिंतीत वरचेवर भोकं पाडायची असतील तर १८ व्होल्टचं आखूड मॉडेल. पैसे असतील तर ब्रशलेस. चार्ज जास्त वेळ पुरतो आणि कार्बन बदलायची भानगड नाही.

बॅटरी दोन घ्या. 'सोलो' लिहिलेलं स्वस्त दिसतं कारण आत बॅटरी-चार्जर नसतो. आणि एकाच कंपनीचं आहे म्हणून बॅटरी एकमेकांना बसेल असं धरून चालू नका. मकिताच्याच १२ व्होल्ट सीएक्सटीची बॅटरी १८ व्होल्टच्या एलएक्सटीवर बसत नाही.

शंभर नगांच्या किटवर माझा राग आहे. त्यातली निम्मी बिटं लोण्यातसुद्धा वाकतील. बोहरी आळीत जाऊन भिंतीची ६ आणि ८ मिलिमीटरची, लोखंडाची ३, ४ आणि ६ची चांगली बिटं आणि फुलीच्या स्क्रूची दोन-तीन पीएच२ घ्या. घरकामात याच्यापुढे फारसं काही लागत नाही.

बाकीचे नेहमीचे घोळ

भोक पडत नसेल तर आधी दिशेचं बटण बघा. उलटं फिरणारं बिट नुसतं घासतं. हसू नका, निम्मे फोन याचेच असतात.

स्क्रू पिळताना गिअर १, भोकाला २. गिअर बदलायचा तो मशीन थांबल्यावरच.

स्क्रूची खाच खाल्ली जाते कारण क्लचची (ठरावीक जोर झाला की पिळणं सोडतो तो) रिंग ड्रिलच्या खुणेवर ठेवलेली असते. कमी आकड्यावरून सुरू करा, स्क्रू पूर्ण बसायच्या आधीच क्लच कटकटला तर एकेक वाढवा. एवढाही धीर नसेल तर हातानं पिळा.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हे वेगळं मशीन आहे. त्याला चक, म्हणजे गोल बिट पकडणारा जबडा, नसतो, तो ड्रिलऐवजी घेऊ नका.

टाइलवर हॅमर कधीच नाही. भाल्याच्या टोकाचं बिट, व्हिट्रिफाइड असेल तर डायमंडचं, सावकाश, पाणी शिंपडत. टाइल पार झाल्यावर मागच्या भिंतीसाठी बिट बदला.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली बिट लावू नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून घरात ठेवा, उन्हातल्या गाडीच्या डिकीत नको.