न्यू जर्सीत गाडी हातात घेण्याआधी

इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला भारतातून नवीन आलेलं कुणी घरी जेवायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी कुठली घ्यावी? मी उलट विचारते, तिकडे किती वर्षं चालवलीत? ‘दहा वर्षं, तीही पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, त्यामुळे इथे काही प्रश्न नाही’ असं उत्तर आलं की मला काळजी वाटायला लागते.

पुण्यात दहा वर्षं चालवणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. मी साताऱ्यात स्कूटी चालवली आहे, त्यामुळे रिक्षा कधी आडवी येईल हे पाठीमागूनही कळायचं. तिकडे आपण समोरच्याचा अंदाज घेत चालवतो. एक पाय कायम ब्रेकवर, बोट हॉर्नवर, आणि नजर समोरच्याच्या नजरेवर. इथे समोरचा तुमचा अंदाज घेत नाही. नियमात आहे तेच तुम्ही कराल, असं तो धरून चालतो आणि त्या भरवशावर ताशी ५० मैलांनी, म्हणजे ८० किलोमीटरने येतो. जरा जागा दिसली म्हणून गाडी घातलीत, तर त्याचा पाय ब्रेकवर नसतोच. तिकडे ज्या सवयीने आपण वाचतो, तीच सवय इथे घात करते. म्हणून पहिले सहा महिने स्वतःला नवशिके समजा.

सुरुवात स्टॉप साइनपासून करा. आपल्यातल्या बहुतेकांचं पहिलं तिकीट, म्हणजे दंडाची पावती, इथेच फाटतं. गाडी हळू करून दोन्हीकडे बघितलं म्हणजे थांबलो असं होत नाही, चाकं पूर्ण थांबावी लागतात. गाडी खरोखर थांबली की तिचं नाक जरा खाली जाऊन परत मागे बसतं. तो हिसका पाठीला जाणवेपर्यंत पाय उचलू नका. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो, आणि दोघं एकदम आलात तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. तुमची पाळी असताना सौजन्य म्हणून ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत बसू नका. त्यात दोघांचा गोंधळ होतो आणि दोघं एकदमच सुटतात. डिपरचंही तसंच. तिकडे डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, थांब’, इथे बहुतेक वेळा ‘तू जा’. या एका उलट्या खुणेने मोठे अपघात होऊ शकतात, म्हणून डिपर देऊच नका. आणि दुसऱ्याने दिला तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच पुढे जा.

आता स्कूल बस. हे मी प्रत्येकाला सांगते आणि सांगताना आजही माझा घसा कोरडा पडतो.

२००६ सालचा मार्च होता, लायसन्स मिळून तीन महिने झाले असतील. समोरच्या बाजूला पिवळी बस उभी होती, लाल दिवे उघडझाप करत होते, अंगाला लावलेली स्टॉपची पाटी बाहेर आली होती. ती पाटी बसच्या मागच्या गाड्यांसाठी असेल असं मला वाटलं. मी गाडी हळू केली आणि तशीच पुढे निघाले. बसच्या ड्रायव्हर बाईंनी हॉर्नवरचा हात उचललाच नाही. बसच्या नाकासमोरून सहा-सात वर्षांची एक मुलगी धावत बाहेर आली. जांभळं दप्तर, हातात रंगवलेला कागद. माझ्या बंपरपासून दोन हातांवर ती थांबली आणि तो कागद तिने छातीशी घट्ट धरला. मी काच खाली केली, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

नियम असा आहे: लाल दिवे लागले की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी बसपासून किमान २५ फूट अंतरावर थांबायचं आणि दिवे विझेपर्यंत हलायचं नाही. मध्ये दुभाजक असेल तरच समोरून येणाऱ्यांनी ताशी १० मैलांनी पुढे जायचं. मोडलात तर दंडाखेरीज लायसन्सवर पाच पॉइंट चढतात, आणि बारा झाले की लायसन्स निलंबित होऊ शकतं. पण मला पॉइंट आठवत नाहीत, जांभळं दप्तर आठवतं.

इथे गाडी डावीऐवजी उजवीकडून चालवायची. हे डावं-उजवं सगळ्यांना जमतं, असं सगळे म्हणतात. भर रस्त्यात जमतंच, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते ती रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर येताना. हात आपोआप जुन्या बाजूला वळतात. ‘मी, म्हणजे ड्रायव्हर, रस्त्याच्या मध्याकडे’ हे तोंडाने म्हणत वळा. रूट १ या हायवेवर डावीकडे जायला बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडून बाहेर पडून वळसा घ्यावा लागतो, त्याला इथे जगहँडल म्हणतात. तो हुकला तर हुकू द्या. चार लेन कापत आडवं जाऊ नका, पुढे वळून परत येता येतं, फार तर सात-आठ मिनिटं जातात. लेन बदलताना आरशावर विसंबू नका, मान वळवून खांद्यावरून बघा. आरशात न दिसणाऱ्या पट्ट्यात अख्खी गाडी मावते.

पोलिसांनी मागे दिवे लावले तर उजव्या कडेला घेऊन थांबा आणि गाडीतच बसा. तिकडे आपण उतरून ‘काय झालं साहेब’ म्हणत पुढे जातो. इथे उतरणं हाच धोका समजला जातो. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि त्यांनी मागितल्यावरच, सांगून, कागदांकडे हात न्यायचा.

हिवाळ्यात निघण्याआधी टपावरचं बर्फही काढा. समोरच्या काचेवर पोस्टकार्डाएवढी खिडकी खरवडून निघणारे खूप दिसतात. टपावरचा बर्फाचा पत्रा हायवेवर उडून मागच्याच्या काचेवर आदळतो, आणि तो काढणं न्यू जर्सीत कायद्यानेच सक्तीचं आहे. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण त्याच्या खालूनही वारा जातो. आणि चारही चाकांना ताकद असलेली गाडी बर्फात निघते लवकर, थांबत मात्र लवकर नाही. वायपर लावलेत की हेडलाइट लावायचे, हाही कायदा. ऑक्टोबर ते डिसेंबर पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात. एक गेलं की मागून दुसरं येतंच. ऐनवेळी समोर आलं तर ब्रेक दाबा, गाडी दुसऱ्या लेनमध्ये फेकू नका.

फोनबद्दल मला नव्यांपेक्षा जुन्यांनाच जास्त बोलावंसं वाटतं. वीस-वीस वर्षं राहिलेले आमचे मित्र मांडीवर फोन ठेवून व्हॉट्सॲप बघतात, आणि नवीन आलेला शेजारच्या सीटवर बसून तेच शिकतो. पहिल्यांदा पकडले गेलात तर २०० ते ४०० डॉलर दंड आहे. तुम्ही कुणाच्या गाडीत बसला असाल तर ‘फोन माझ्याकडे द्या, मी बघतो’ म्हणा. वयाने, मानाने मोठे असले तरी म्हणा.

आई-बाबा येतील तेव्हा पुन्हा सगळं नव्याने सांगावं लागेल. मागच्या सीटवर पट्टा लावायची त्यांना सवय नसते. २०२२ साली पालघरजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. हे उदाहरण दिलं की माझे सासरे काही न बोलता पट्टा ओढायचे.

पण मला त्याहून भीती वाटते त्यांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याची. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. आईचा तपकिरी स्वेटर, बाबांची काळी टोपी, आणि आपल्या भागात निम्म्या रस्त्यांना फुटपाथ नाही. तिथे येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचं असतं. रस्त्यावरच्या झेब्रा पट्ट्यांवरून चालणाऱ्यासाठी गाडीने थांबायलाच हवं, असा कायदा २०१० पासून आहे. पण अंधारात माणूस दिसला तर गाडी थांबणार. आणि रस्ता ओलांडताना जन्मभराच्या सवयीने ते आधी उजवीकडे बघतात. गाडी मात्र डावीकडून येते.

चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं बांधकामाच्या सामानाच्या दुकानात थोडक्या डॉलरमध्ये मिळतात. दोन आणून दाराजवळच्या खुंटीला लावा. पहिल्या संध्याकाळी स्वतः बरोबर जा, कोपऱ्यावर उभे राहा, आणि आईचा हात धरून आधी डावीकडे बघायला लावा.