म्हातारा क्वार्टरबॅक आला की काय बघायचं

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार. क्लिनिकमध्ये एका आजोबांचा गोठलेला खांदा हळूहळू वर नेत होते आणि ॲप्रनच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. आजोबा गेल्यावर पाहिलं तर मुलाचा मेसेज: "आई, फ्लॅको." पुढे काही नाही.

अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये राहणाऱ्याला एवढं पुरतं. इथलं वेड म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि आमचा संघ ब्राउन्स. आमच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्या देशॉन वॉटसनचा खांदा गेला होता, हंगाम निम्म्याहून जास्त सरला होता आणि ब्राउन्सने ३८ वर्षांच्या जो फ्लॅकोला घरातल्या सोफ्यावरून उठवून आणलं होतं. त्याने उमेदीची वर्षं घालवली बाल्टिमोरकडे, म्हणजे १९९६ मध्ये ज्या गावाने आमचा संघ उचलून नेला त्यांच्याकडे. १९९९ मध्ये आम्हाला नवा संघ मिळाला, तेव्हापासून चाळीसहून जास्त क्वार्टरबॅक आमच्यासाठी सामन्यात पहिल्या खेळीपासून उतरलेत. त्यामुळे "अनुभवी क्वार्टरबॅक घेतला" ही बातमी कशी वाचायची याचा सराव आम्हाला भरपूर. शिवाय मी फिजिओथेरपिस्ट, खांदे, नडग्या आणि टाचा बघण्यावरच माझं घर चालतं. तुमचा संघ हरतोय आणि त्यांनी असाच कोणी आणलाय, तर मी काय करते ते सांगते.

पहिल्यांदा त्या माणसाचं नाव विसरा आणि संघाकडे बघा. मोडलंय काय? एका कागदावर तीन गोष्टी लिहा. डिफेन्स, म्हणजे समोरच्यांना अडवणारी फळी, दर सामन्यात त्यांना किती गुण करू देतंय? क्वार्टरबॅकपुढची पाच जणांची लाइन त्याला उभं राहू देते का? चेंडू झेलायला कोण आहे? तिन्ही उत्तरं बरी असतील आणि फेकणाराच कच्चा असेल, तर म्हातारा माणूस कामाचा. टॅम्पाच्या संघाचं तसंच होतं. २०१९ मध्ये ते ७-९ होते, म्हणजे सात जिंकून नऊ हरलेले, पण त्यांच्या क्वार्टरबॅकने त्या एका हंगामात ३० इंटरसेप्शन दिली होती, म्हणजे तितके चेंडू समोरच्यांच्या हातात फेकले होते. नेमकं तेवढंच दुखणं काढलं, सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी आला आणि ४३ व्या वर्षी सुपर बाउल, म्हणजे लीगची अंतिम लढत, ३१-९ जिंकून बसला. ब्रेडी ब्रेडीच, हे मान्य. पण तो आला ते घरही बऱ्यापैकी उभं होतं.

फ्लॅकोमुळे तर हा धडा शाळेतल्या प्रयोगासारखा झाला, कारण माणूस तोच राहिला आणि घरं बदलत गेली. २०२३ मध्ये तो आला तेव्हा ब्राउन्स ७-३ होते आणि आमचं डिफेन्स समोरच्यांना लीगमध्ये सगळ्यात कमी यार्ड पुढे सरकू देत होतं. पाच सामन्यांत तो पहिल्या खेळीपासून उतरला. पहिला हरला, मग सलग चार जिंकले आणि आम्ही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी ह्यूस्टनमध्ये आमच्या अमारी कूपरने त्याच्या फेकी झेलून २६५ यार्ड काढले, हा आमच्या संघाचा विक्रम. २०२५ मध्ये तोच फ्लॅको परत आला. कूपर तोवर बफेलोला जाऊन वर्ष होत आलं होतं. चार सामन्यांत दोन टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचवणं), सहा इंटरसेप्शन, १-३, आणि बाकावर. ऑक्टोबरमध्ये त्याला सिनसिनाटीला देऊन टाकला, म्हणजे आमच्याच राज्यात, आमच्याच विभागात. तिथे त्याला जमार चेस आणि टी हिगिन्स हे झेलणारे मिळाले. थोड्याच दिवसांत पिट्सबर्गविरुद्ध ३४२ यार्ड, तीन टचडाउन, आणि एकट्या चेसने सोळा चेंडू झेलले. पण सिनसिनाटीचं डिफेन्स म्हणजे चाळण. लागोपाठ दोन सामन्यांत त्यांनी ३८ आणि ४२ गुण केले आणि दोन्ही हरले, ३९-३८ आणि ४७-४२. शिकागोविरुद्धच्या त्या दुसऱ्या सामन्यात फ्लॅकोने ४७० यार्ड फेकले होते, तेही उजव्या, म्हणजे फेकायच्याच खांद्याचा एसी जॉइंट, म्हणजे वरचा सांधा, दुखावलेला असताना! माझ्याकडे असा पेशंट आला तर मी त्याला आठवडाभर भाजीची पिशवीसुद्धा उचलू देत नाही.

तर आधी कागद.

मग शरीर. सगळे हाताकडे बघतात, "अजून हातात जोर आहे" म्हणतात. हात बहुतेक शेवटी जातो. फेकीचा जोर जमिनीतून येतो: मागचा पाय रोवला जातो, कंबर फिरते, मग धड, मग खांदा, आणि मनगटाचा नंबर शेवटी. पस्तिशीनंतर आखडते ती कंबर, आणि मंदावते ती पायांची चाल. म्हणून टीव्हीवर रिप्ले लागला की चेंडूचा पाठलाग करू नका, त्याच्या बुटांकडे बघा. पुढचं पाऊल लक्ष्याच्या दिशेने पडतंय का? की तो मागच्या पायावर रेलून, पळ काढल्यासारखा फेकतोय? एखाददुसरी फेक तशी जाणारच, समोरून सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येत असतो. पण पुढे मोकळी जागा असतानाही तो मागे रेलत असेल, तर एकतर कुठेतरी दुखतंय किंवा लाइनवरचा विश्वास उडालाय. दोन्ही वाईटच.

दुसरी खूण: लांबच्या बाजूच्या रेषेकडे केलेली फेक. मैदान ५३ यार्डांहून थोडं रुंद असतं. पंधरा यार्ड पुढे पळून बाहेरच्या रेषेकडे वळणाऱ्या खेळाडूला चेंडू द्यायचा, तर तो जवळजवळ सरळ रेषेत गेला पाहिजे. चेंडू हवेत तरंगला की डिफेन्सचा माणूस मध्ये येऊन उचलतो आणि तसाच पुढे पळत सुटतो. म्हातारे क्वार्टरबॅक ही फेक गुपचूप सोडून देतात. पहिल्या सामन्यात ती किती वेळा केली, मोजा. शून्य असेल तर पुढच्या आठवड्यात समोरच्या डिफेन्सनेही ते मोजलेलं असेल.

टाचेबद्दल मी बोलत नाही, बोलले तर नवरा म्हणतो अपशकुन. फक्त एवढंच: २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने ३९ वर्षांच्या ॲरन रॉजर्सवर सगळा हंगाम लावला आणि चौथ्या स्नॅपला, म्हणजे चौथ्याच खेळीला, त्याच्या डाव्या पायाची अकिलीस, म्हणजे टाचेमागची कंडरा, तुटली. अशा वेळी दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक कोण आहे हे पाहायची सवय लावून घ्या. बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं ते.

करार पटकन बघून होतो. वर्षभराचा आणि किमान पगाराच्या आसपासचा असेल, तर संघाचं फारसं काही अडकलेलं नाही. जुन्या खेळाडूंच्या अशा कराराला लीग सवलतही देते. २०२४ मध्ये रसेल विल्सनला पिट्सबर्गने १२ लाख १० हजार डॉलरला घेतलं, सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाला घातलेल्या पगाराच्या मर्यादेत, धरले गेले फक्त ९ लाख ८५ हजार. आकडा मोठा आणि वर्षं अनेक असतील तर "गॅरंटीड" हा शब्द शोधा. याच विल्सनला सोडताना त्याच्या आधीच्या संघाच्या, डेन्व्हरच्या कॅपवर दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी बसला, म्हणजे माणूस दुसऱ्याकडे खेळतोय आणि हिशेब आपल्या वहीत. हंगामाच्या मध्यावर "प्रॅक्टिस स्क्वॉडवर", म्हणजे सरावाच्या राखीव गटात, "घेतलं" असं वाचलंत तर निराश होऊ नका. फ्लॅकोही तिथेच सही करून आला आणि तेराव्या दिवशी लॉस एंजेलिसला मैदानात होता.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते. कोचशी त्याची जुनी ओळख आहे का? प्लेबुक, म्हणजे संघाच्या खेळींची वही, ही एक भाषाच, आणि प्रत्येक गावची बोली वेगळी. हेल्मेटमधल्या स्पीकरवरून कोच खेळी सांगतो, पण खेळी सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं एकट्याचं: समोरची मांडणी वाचायची, कोण धावून येणार ते लाइनला ओरडून दाखवायचं, पटलं नाही तर खेळी बदलायची. जुन्या माणसाचे पैसे या १५ सेकंदांचे असतात. ती बोली येत नसेल, तर तो तिथे नवख्याइतकाच गोंधळतो. इंडियानापोलिसने डिसेंबर २०२५ मध्ये ४४ वर्षांच्या फिलिप रिव्हर्सला बोलावलं तेव्हा सगळे हसले. जवळजवळ पाच वर्षं सामना खेळलेला नव्हता, दहा मुलांचा बाप, नातवंडाचा आजोबा. पण त्यांचे कोच शेन स्टायकन त्याच्या जुन्या संघात, चार्जर्समध्ये, त्याच्याबरोबर होते, आणि अलाबामातल्या शाळेच्या पोरांनाही तो हीच पद्धत शिकवत होता. पहिल्याच सामन्यात सीॲटलसारख्या तगड्या संघाला त्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजवलं. सीॲटलला एकही टचडाउन करता आलं नाही, सहा फील्ड गोलांवर, म्हणजे तीन-तीन गुणांच्या किकवर, ते १८-१६ जिंकले. रिव्हर्सच्या मात्र २७ फेकींत १२० यार्ड, म्हणजे फेकीमागे साडेचारही नाहीत. बोली पक्की आणि शरीर थकलेलं, दोन्ही एकाच आकड्यात. पुढचे दोन्ही सामनेही गेले.

निकाल कधी लावायचा? माझा हिशेब चार सामन्यांचा. पहिल्या दोनांत समोरच्यांकडे त्याची या संघातली फिल्म नसते, तेव्हा कौतुक आवरतं घ्या. मी सोमवारी रात्री रेकॉर्डिंग लावते, आवाज बंद करते आणि क्लिनिकचं स्टॉपवॉच घेऊन बसते. स्नॅपला, म्हणजे चेंडू मागे त्याच्याकडे दिला की चालू, त्याच्या हातातून सुटला की बंद. दहा-बारा फेकी पुरतात. अडीच सेकंदांच्या आसपास सुटत असेल तर त्याला दिसतंय आणि त्याने ठरवलंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोच वेळ तीनच्या पुढे सरकायला लागला, आणि लाइन मात्र बदललेली नसेल, तर समजा समोरच्यांनी त्याचा पहिल्या पसंतीचा झेलणारा झाकायला सुरुवात केलीय आणि तो दुसरा शोधतोय.

२०२३ मध्ये मी हे काहीच केलं नाही. डिसेंबरच्या २८ तारखेला जेट्सला हरवलं, प्लेऑफ पक्के झाले, मुलगा आणि मी स्वयंपाकघरात नाचलो आणि दुसऱ्या दिवशी मी १५ नंबरची जर्सी मागवली. फ्लॅकोने त्या हंगामात १३ टचडाउनबरोबर आठ इंटरसेप्शनही दिली होती, पाच सामन्यांत आठ, पण ते मला ह्यूस्टनमधल्या प्लेऑफपर्यंत दिसलंच नाही. तिथे तिसऱ्या क्वार्टरमध्ये लागोपाठ दोन चेंडू थेट त्यांच्या हातात गेले, दोन्हींचे त्यांनी टचडाउन केले, आणि ४५-१४.

जर्सी कपाटात आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने परत सही केली तेव्हा मुलाने ती न सांगता इस्त्री करून ठेवली होती.