सड्यावर पक्षी बघायला जाताय? मग आधी पायाखाली बघा

उन्हाळ्यात साताऱ्याजवळचा चाळकेवाडीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, किंवा माण-खटावचा माळ फिरायला जाणार असाल तर एवढं वाचून जा. इथले कितीतरी पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, टिटवी, माळटिटवी, चंडोल, रातवा. टिटवीचं घरटं म्हणजे नुसता एक उथळ खळगा आणि भोवती खडे, आत बहुतेक चार अंडी, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. रातव्याला तर खळगाही लागत नाही.

म्हणून मार्च ते जून गाडी रस्ता सोडून पठारावर घालायचीच नाही, चालायचं ते मळलेल्या वाटेनं. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की समजायचं जवळच काहीतरी आहे, आणि तिथूनच आल्या वाटेनं मागं फिरायचं. फोटोसाठी लोक नेमके तिथंच शोधत बसतात, त्याचा फार राग येतो, कारण दुपारी कातळ तापलेला असतो, टिटवी अंड्यांवर सावली धरून बसते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते अंडी गार ठेवायला, आणि आपण तिथं उभे असेपर्यंत अंडी उन्हात उघडी. दुपारी जाऊच नका, सकाळी लवकर जा.

खरकटं टाकू नका, त्यावर कुत्री आणि कावळे येतात आणि मग अंडी-पिल्लं काही राहत नाहीत. घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, यादी जरूर टाका, फक्त घरटं कुठं ते लिहू नका.

शिकारी पक्षी बघायचे असतील तर पवनचक्क्यांपासून लांब बसा. चाळकेवाडीवरचा अभ्यास २०१८ साली छापून आला, त्यात चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आणि सरडे जास्त सापडले होते.

आणि कुणी माळावर वृक्षारोपण ठरवलं तर कृपा करून आधी बोला त्यांच्याशी. हेतू चांगला असतो हो, पण माळ पडीक नसतो, चंडोल-माळटिटवीला उघडी जमीनच लागते, खड्डे मारून झाडं लावली की ते गेलेच तिथून. झाडं गावात, बांधावर, ओढ्याकाठी लावा म्हणावं.

वणवा दिसला तर लगेच वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा, गाव आणि जवळची खूण सांगा, आणि एकट्यानं विझवायला जाऊ नका.