पोराला क्लबचा इतिहास शिकवायचाय? हातोड्यापासून सुरुवात करा

गेल्या दिवाळीत नातवाने ठाणे स्टेशनबाहेरून एक जर्सी आणली. अंग गडद लाल, बाह्या आकाशी आणि छातीवर एकमेकांवर आडवे टाकलेले दोन हातोडे. ‘आजोबा, फुटबॉलच्या टीमला हातोडे कशाला?’ वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनच्या कामात माझी ३३ वर्षं गेली. हातोडे बघताच मी ओळखलं की हे सुताराचे नाहीत, रिव्हेट मारायचे आहेत. लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल क्लबचा इतिहास मी त्या हातोड्यांपासून शिकत गेलो आणि त्यालाही तसाच शिकवला. आता किसननगरच्या आमच्या बिल्डिंगमधली आणखी चार पोरं रविवारी येऊन बसतात. तुमच्या घरात एखाद्या इंग्लिश क्लबचं वेड शिरलं असेल, तर ही पद्धत करून बघा.

पहिली गोष्ट, जिंकलेल्या कपांची यादी पाठ करून घेऊ नका. चार दिवसांत सगळं विसरतात. जर्सीवरच्या चिन्हात काय आहे ते विचारा आणि जमलं तर ते काम हाताने करून दाखवा. मी हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि चार भरीव रिव्हेट आणले. पॉप रिव्हेट घेऊ नका, त्यात हातोड्याचं काम नसतं. पट्ट्या एकावर एक ठेवून भोक पाडायचं, रिव्हेट घालायचा, त्याचं डोकं खाली जाड लोखंडावर टेकवायचं आणि वर आलेलं टोक कडेकडेने ठोकत जायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच. टोक हळूहळू पसरतं आणि त्याचंच दुसरं डोकं तयार होतं. मग पोराला म्हणायचं, आता ओढ आणि सुटं कर. नातवाने दोन्ही पाय लावून ओढलं, सुटलं नाही.

मग सांगा की जहाजावर हेच काम तापल्या लोखंडाने व्हायचं. भट्टीतून लालभडक रिव्हेट चिमट्याने काढायचा, भोकात घालायचा, एकाने मागून वजन लावून दाबून धरायचं आणि पुढून दोघांनी आळीपाळीने घाव घालायचे. थंड होताना रिव्हेट आकसतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. वेस्ट हॅम ज्याच्या कामगारांच्या टीममधून उभं राहिलं, त्या थेम्स आयर्नवर्क्स या लंडनच्या जहाजबांधणी कारखान्यात असे लाखो रिव्हेट ठोकले गेले. तिथेच १८६० साली पाण्यात उतरलेली ‘वॉरियर’ ही चिलखती युद्धनौका आजही पोर्ट्समथला उभी आहे. तिचा फोटो पोरांना जरूर दाखवा. वेस्ट हॅमला ‘हॅमर्स’ आणि ‘आयर्न्स’ का म्हणतात, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

पुढचा प्रश्न: टीम काढली कुणी? १८९५ साली कारखान्याचे मालक अर्नोल्ड हिल्स आणि फोरमन डेव्ह टेलर यांनी कामगारांची टीम उभी केली. टेलर स्वतः स्थानिक सामन्यांत रेफरी असायचे. हिल्स दारूच्या कडक विरोधातले आणि शाकाहारी. इथे आपल्या पोरांचे कान टवकारतात, कारण हेच हिल्स लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष होते आणि विद्यार्थी असलेले गांधीजी त्याच मंडळाच्या कमिटीवर होते. एका डॉक्टरला मंडळातून काढण्यावरून गांधीजींचं हिल्स यांच्याशी मतही जुळलं नव्हतं. तसं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं वर्ष, १९००. यावर घाई करू नका. त्या जूनमध्ये कामगारांची टीम बंद करून जुलैत ती ‘वेस्ट हॅम युनायटेड’ या नावाने, शेअर काढून, स्वतंत्र कंपनी म्हणून उभी राहिली. १९१२ साली कारखान्याला टाळं लागलं. क्लब वाचला, कारण बारा वर्षं आधीच तो कारखान्यापासून वेगळा झाला होता. हे सांगताना माझा आवाज बसतो. आमच्या कंपनीची कबड्डीची टीम होती. मी तिच्यात नऊ वर्षं उजवा कोपरा धरला. कंपनी बंद झाली त्याच महिन्यात टीमही गेली. जर्सी, मॅट, ट्रॉफ्यांचं कपाट, सगळं कंपनीच्या नावावर होतं. वेगळी नोंदणी करावी हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. प्रत्येक क्लबच्या गोष्टीत असा एक जोड असतो, जिथे तो तुटला असता. तो शोधून काढा आणि पोरांना तिथे थांबवा.

त्यानंतर मोबाईलवर लंडनचा नकाशा उघडा आणि मैदानं दाखवा. आधी मेमोरियल ग्राउंड्स. १९०४ पासून अप्टन पार्कचं बोलिन ग्राउंड, ते थेट २०१६ पर्यंत, म्हणजे ११२ वर्षं. शेजारच्या ग्रीन स्ट्रीटवर आज साड्यांची नि दागिन्यांची दुकानं आहेत, फोटो बघितलात तर जांभळी नाक्याची आठवण येईल. आणि आता स्ट्रॅटफर्डचं ऑलिम्पिकसाठी बांधलेलं स्टेडियम.

सामने तीन-चारच निवडा, पण नीट सांगा. मी १९२३ ची एफए कप (इंग्लंडमधली क्लबांची बाद फेरीची स्पर्धा) फायनल घेतो, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरची पहिलीच. अधिकृत आकडा १,२६,०४७ चा, पण त्याहून कितीतरी जास्त लोक घुसले आणि मैदान माणसांनी भरून गेलं. जॉर्ज स्कोरी नावाच्या पोलिसाने ‘बिली’ या घोड्यावरून गर्दी रेषेपर्यंत मागे सरकवली, तेव्हा खेळ सुरू झाला. वेस्ट हॅम बोल्टनकडून २-० हरलं. पोरांना घोडा आठवतो आणि घोड्यामुळे साल आठवतं. मग बॉबी मूर: १९६४ ला एफए कप, १९६५ ला युरोपियन कप विनर्स कप, १९६६ ला इंग्लंडचा वर्ल्ड कप, तीन वर्षं लागोपाठ वेम्बलीवर कप उचलणारा कॅप्टन. त्या वर्ल्ड कप फायनलमधले इंग्लंडचे चारही गोल वेस्ट हॅमच्याच खेळाडूंचे, हर्स्टचे तीन आणि पीटर्सचा एक. १९८० ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना एफए कप फायनलमध्ये ब्रूकिंगच्या हेडरवर आर्सेनलला हरवलं. २०२३ ला प्रागमध्ये युरोपा कॉन्फरन्स लीगचा कप.

पडती बाजूही लपवू नका. लीगचं विजेतेपद या क्लबने कधीच मिळवलेलं नाही, १९८६ चा तिसरा नंबर हीच सर्वात वरची जागा. पोरं हे ऐकून गप्प होतात, पण जर्सी काढत नाहीत.

साल किंवा आकडा वहीत उतरवण्याआधी दोन ठिकाणी पडताळा, आणि वही पोराच्याच हातात द्या. आमच्या वहीचं शेवटचं पान नातवाने स्वतःहून आमच्या कबड्डीच्या टीमसाठी ठेवलंय. सातपैकी पाच नावं मी सांगितली. उरलेली दोन विचारायला येत्या रविवारी आम्ही लोकमान्यनगरला, आमच्या जुन्या वेल्डरकडे जाणार आहोत.