गावाशी नातं जोडायचंय? आधी भातलावणीला जा

पावसाळा लागला की सोसायटीत कुणीतरी विचारतंच, "तुमच्या त्या गावात आम्हालाही काहीतरी करायचंय, सुरुवात कशी करू?" त्यांच्यासाठी हे एकदाचं लिहून ठेवते. मी सिंहगड रस्त्याला राहते, बँकेतून निवृत्त झालेली आहे. वेल्हे तालुक्यातल्या (कागदोपत्री आता राजगड) एका लहानशा वाडीत माझं जाणंयेणं असतं. ते ना माझं सासर, ना माहेर.

एकच गाव धरा. या रविवारी मुळशी, पुढच्या रविवारी पुरंदर असं केलंत तर सगळीकडे पाहुणेच राहाल. शक्यतो एसटीनं जा. स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी नसरापूरवरून जाते आणि निम्म्या ओळखी गाडीतच होतात. "कुणाकडं आलाय?" हा पहिला प्रश्न. त्याला संस्थेचं नाव सांगून भागत नाही, घराचं सांगावं लागतं. ते घर पुण्यातच शोधा: दूध घालणारे दादा, कामाला येणाऱ्या मावशी, कुणाचं तरी गाव त्या पट्ट्यात निघतंच.

पहिल्यांदा जायचं ते आषाढात. जूनमध्ये पेरलेला तरवा, म्हणजे भाताची रोपं, तीनेक आठवड्यांत लावणीला येतो. सगळ्यांची खाचरं एकदमच तयार होतात, माणसं कुणालाच पुरत नाहीत, म्हणून सावड चालते: आज त्यांच्यात, उद्या आपल्यात. जास्तीचा हात कुणी नाकारत नाही. चिखलणी झालेल्या खाचरात वाकून मागे मागे सरकायचं, दोन-तीन काड्या चिमटीत धरून लावायच्या. खोल खुपसू नका, फुटवे कमी येतात. तुमची ओळ वाकडी जाणारच. शेजारची दहावीतली पोरगी हसत हसत तुमची रोपं उपटेल आणि पुन्हा लावेल. लावू द्या तिला. "असं धरा ना मावशी," म्हणाली की तसं धरा. नोकरीभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे जड जातं, पण गावानं मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं तिथेच, गुडघाभर चिखलात. आपल्याहून लहान माणसाच्या हाताखाली, त्यातलं काही येत नसताना दिवसभर टिकायचं, अशी वेळ पुण्यात माझ्यावर कधी आलीच नव्हती. संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचकीतसुद्धा कोरडे करा, नाहीतर चिखल्या होतात आणि दुसऱ्या दिवशी चप्पल घालवत नाही.

सप्ताहाच्या वेळी पुन्हा जा. वीणा सात दिवस खाली ठेवायचा नसतो, म्हणून पहारे लावतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला माणूस मिळता मिळत नाही, तिथे नवऱ्याला उभं करा. (आमच्या घरी हे माझ्या निवृत्तीपेक्षा जास्त गाजलं.) तुम्ही भाकऱ्या थापायला बसा. वाडीतल्या सगळ्या बातम्या चुलीपाशीच कळतात.

ग्रामसभेला बसायला मिळालं तर मागे बसून नुसतं ऐका. गावच्या मतदार यादीत नाव असलेलेच तिचे सभासद असतात, तुम्ही नाही. पाण्याचं भांडण निघालं की कुणाची भावकी कुठे हे आपोआप समजतं. पहिल्या वर्षी वाचनालय, संगणक, वृक्षारोपण यांतलं काहीही काढू नका. वेल्ह्यात पाऊस मुसळधार, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. जुलैत फोटो काढून लावलेल्या रोपांना तेव्हा हंडाभर पाणी घालणार कोण? एखादी बाईच, आणि तिला तुम्ही विचारलेलंही नसतं.

आता फेडीचं. लावणीची मजुरी कुणी देऊ केली तर भाषण न करता "सावडीत धरा" म्हणायचं. तुमचं खाचर नाही, म्हणून ती सावड पुण्यात फिटते. कुणाला ससूनला दाखवायचं असतं, केसपेपरच्या रांगेत सोबत लागते. कुणाच्या मुलीचा अकरावीचा ऑनलाइन अर्ज अडलेला असतो. रात्री साडेनऊला फोन येतो, "ताई, उद्या येतोय, चौघं आहोत." त्या वेळी तुमचा कार्यक्रम ठरलेला असला तरी "या" म्हणता आलं पाहिजे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी गावाला देणगी द्यावी, त्यातही काही वाईट नाही. बाकीच्यांनी हॉलमध्ये दोन जादा गाद्या ठेवाव्यात आणि येणाऱ्यांची नावं वॉचमनला आधीच सांगून ठेवावीत, नाहीतर तो त्यांना गेटवरच ताटकळत ठेवतो.